‘लीव्हर उघडला की रायफल रिकामी’ : एअर रायफलवरच्या एका व्हायरल मेसेजला उत्तर

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ऑलिंपिक नेमबाज स्वप्नील कुसाळेचा पॅरिसमधला फोटो, खाली पालकांना दिलासा. सार असं की एअर रायफल म्हणजे मोठ्यांचं खेळणं; क्लबवाले झेंडे, दोऱ्या, चष्मे आणि आरडाओरडा करून उगाच बाऊ करतात; थोडी अक्कल वापरली तर हे सगळं घरच्या गच्चीवरही होतं. मुलांनी या खेळात यावं ही मेसेज लिहिणाऱ्याची इच्छा आम्हालाही मान्य आहे. मुद्दे मात्र एकेक करून तपासावे लागतील, कारण त्यातला एक तर सरळ कोणाचा तरी डोळा घालवेल.

आधी फोटोचंच बघा. स्वप्नीलला २०२४ मध्ये कांस्य मिळालं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे .२२ च्या काडतुसी रायफलीवर. मेसेज बोलतो १० मीटर एअर रायफलबद्दल. ही गल्लत पुढे पुन्हा येते.

‘लायसन्स लागत नाही, म्हणजे सरकारच तिला शस्त्र मानत नाही.’

२०१६ च्या शस्त्र नियमांत लायसन्समधून सूट आहे ती ठरावीक मर्यादेतल्या एअरगनला: नळी .१७७ इंच म्हणजे ४.५ मि.मी.पेक्षा मोठी नको आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नको. सूट कागदपत्रांतून आहे. २० ज्यूलच्या आत सगळं निरुपद्रवी, असं त्या नियमांत कुठेही म्हटलेलं नाही.

‘छर्रा लागला तर फार तर लाल डाग पडेल.’

मॅच रायफलीचा, म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलीचा, छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर. ताशी हिशेब केला तर सहाशे किलोमीटरच्या वर. ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास भरते. जवळून एवढा छर्रा कातडीत घुसतो, आणि डोळ्यासाठी तर त्याच्या कितीतरी कमी पुरे. सरळ लागायलाही नको. छर्रे झेलणाऱ्या पेटीच्या तिरक्या पत्र्यावर शिशाचा थर साचून तो खडबडीत झाला, किंवा छर्रा पेटीच्या कडेच्या लोखंडावर आपटला, की तुकडे मागे उडतात. चष्मा त्यासाठी. नेमबाज एका डोळ्यापुढे जी पट्टी लावतात ती नेम धरताना त्रास होऊ नये म्हणून. तिचा संरक्षणाशी संबंध नाही. चष्म्याची काच न फुटणारी हवी, आणि मागे खुर्चीत बसलेल्या बाबांनाही हवी.

‘लीव्हर उघडा, आत बघा. ट्रे रिकामा दिसला की रायफल रिकामी. दोरी घालायचं नाटक कशाला?’

हाच तो मुद्दा. ज्याने हे लिहिलं त्याने रायफल हाताळली असेल, पण ती आतून कशी चालते ते पाहिलेलं नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या मॅच रायफलीत छर्रा हाताने ट्रेवर ठेवतात. लीव्हर बंद करताना बोल्टचं (लीव्हरबरोबर पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याचं) पुढचं टोक छर्र्याला ढकलत नेतं आणि नळीच्या सुरुवातीलाच, रायफलिंगच्या खाचांत दाबून बसवतं. शिसं मऊ, छर्रा नळीच्याच मापाचा, त्यामुळे तो तिथे घट्ट रुततो. आता लीव्हर परत उघडा. बोल्ट मागे येतो, छर्रा येत नाही. ट्रे स्वच्छ रिकामा दिसतो आणि छर्रा जागच्या जागी नळीत असतो. लीव्हर बंद केला, रायफल कॉक झाली म्हणजे मारायला तयार झाली, ट्रिगरला बोट लागलं की शॉट गेला.

.२२ मध्ये असं होत नाही, कारण तिथे बोल्टवर हूक असतो. तो काडतुसाची कड धरून गोळीसकट बाहेर ओढतो. छर्र्याला ना कड, ना एअर रायफलीत ओढणारा भाग. म्हणून भरलेली एअर रायफल किंवा पिस्तूल रिकामी करायचा नेहमीचा मार्ग एकच: रेंज ऑफिसरला सांगायचं, त्याने परवानगी दिली की टार्गेटच्या पेटीत छर्रा सोडायचा. ‘स्टॉप’ची ऑर्डर झाली आणि छर्रा भरलेला असेल तर नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करायचा आणि थांबायचं. स्वतःच्या मनाने मारून टाकायचा नाही.

मग दोरीचं काम काय? ती ब्रीचकडून, म्हणजे छर्रा भरायच्या मागच्या टोकाकडून, आत घालून दुसऱ्या टोकाने बाहेर दिसली, तरच नळीत काही नाही हे सिद्ध होतं. तेही फक्त नेमबाजापुरतं नव्हे. दहा पावलांवरून बघणाऱ्या रेंज ऑफिसरला आणि शेजारच्या लेनवरच्या मुलीलाही. आंतरराष्ट्रीय नियमांत एअरगनचा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हीच दोरी, पूर्ण नळीभर लांब हवा आणि रंग भडक नारिंगी किंवा तसाच हवा, ही अट याचसाठी आहे. ब्रीचमध्ये खोचलेला बोटभर प्लास्टिकचा तुकडा एअर रायफलीत काही सांगत नाही, कारण छर्रा त्याच्या पुढे बसलेला असू शकतो.

फ्लॅग घरी करायचा तर गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन तार चालते. अडीच ते तीन मि.मी. जाडीची घ्या. लांबी मोजताना नळीच्या पुढची स्लीव्ह (टोकाला बसवलेली जास्तीची पोकळ नळी) ही धरा. बरेच जण ती विसरतात आणि दोरी आतच संपते. दोन्हीकडून मिळून वीतभर बाहेर राहिली पाहिजे. कापलेलं टोक लायटरने वितळवू नका, तिथे गोळा तयार होतो आणि तो नळीत अडकतो. पॉलिश पेपरने गोल करा. दोरी मध्येच अडली तर जोर लावू नका. अडली म्हणजे आत काहीतरी आहे, आणि हेच कळायला ती घातली होती.

आत काय असू शकतं? बहुतेक वेळा विसरलेला छर्रा. भरला, मन उडालं, रायफल स्टँडवर ठेवली, पाणी प्यायलं, परत येऊन दुसरा भरला. दोन छर्रे एकामागे एक बसले की शॉट जड जातो, खाली लागतो, कधी दोन्ही नळीतच राहतात. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरचा दाब उतरला असताना मारत राहिलं तरी हेच होतं. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला आणि स्क्रीनवर शॉट उमटला नाही, तर पुढचा भरायचा नाही. अडकलेला छर्रा काढायचं काम कोचचं किंवा दुरुस्ती करणाऱ्याचं, आणि तेही सिलिंडर काढल्यावर. त्यातही एक मेख आहे: सिलिंडर काढला तरी रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागात) एखाद्या शॉटपुरती हवा उरू शकते. ती सोडून दिल्याशिवाय नळीत रॉड घालायचा नाही.

‘सेफ्टी लावली की बिनधास्त.’

बहुतेक मॅच एअर रायफलींना सेफ्टीचं बटण नसतंच. असतं ते ड्राय फायरचं, सरावासाठी: ट्रिगर सुटतो, हवा सुटत नाही. लहान मुलं त्यालाच सेफ्टी समजतात. बाजारातल्या स्प्रिंगवाल्या एअरगनला सेफ्टी असते, पण साधारणपणे ती ट्रिगर अडवते. आत ताणलेली स्प्रिंग तशीच ताणलेली राहते. नळी मोडून कॉक करायच्या बंदुकीत नळी उघडी असताना ट्रिगर दाबला गेला, तर नळी फाडकन वर येते आणि बोटं सापडतात. छर्रा घालताना एका हाताने नळी धरूनच ठेवायची, सोडायची नाही.

मॅच रायफलीचा ट्रिगर किती हलका असावा याला नियमात खालची मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला निदान ५०० ग्रॅम लागतात. शंभर ग्रॅमवर लावलेल्या ट्रिगरला बोट नुसतं टेकलं तरी पुरतं. नेम धरेपर्यंत बोट बाहेर ठेवायला का ओरडतात, ते यावरून कळावं.

‘रेंजवर ऑर्डरी देणं म्हणजे पोट्ट्यांवर रुबाब.’

लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. एवढ्याच ऑर्डरी आहेत आणि त्या मोठ्यांदा द्याव्या लागतात, कारण अर्ध्या मुलांच्या कानात बोळे असतात. खरा धोका कागदी टार्गेटच्या रेंजवर एका ठरावीक क्षणी येतो: टार्गेट पुढे-मागे नेणारी पुली अडकते आणि कोणीतरी ‘एक मिनिट’ म्हणत फायरिंग लाइन ओलांडतं. त्याआधी प्रत्येक रायफल टेबलावर, प्रत्येक नळीत दोरी, आणि सगळे हात रायफलीपासून दूर. पुढे माणूस असताना डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट) फिरवायचा नाही, सिलिंडरचा मीटर बघायला रायफल उचलायचीही नाही. स्पर्धेत तर रेंज ऑफिसरने तपासल्याशिवाय रायफल केसमध्ये घातली तर बाद करू शकतात.

‘सिलिंडरमध्ये फक्त हवा असते. कुठेही भरून घ्या, तिला काय एक्सपायरी!’

फक्त हवा, पण २०० बारला. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख आणि मुदत कोरलेली असते. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला बरेच उत्पादक १० वर्षं देतात. मुदत संपलेला सिलिंडर वापरू नये ही जबाबदारी नियमाने नेमबाजाचीच. सेकंडहँड रायफल घेताना लोक दस्त्याचा लाकडी पॉलिश बघतात आणि ही तारीख बघत नाहीत.

‘कुठेही’ म्हणजे काही जण वेल्डिंगच्या दुकानापर्यंत पोहोचतात. तिथे मिळेल तो ऑक्सिजन. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि ओ-रिंगवरचं (रबरी कड्यावरचं) ग्रीस किंवा तेलाचा थेंब एकत्र आले की आग लागते, तीही बंद धातूच्या आत. भरायची ती कोरडी, गाळलेली हवा, आणि हळू. झटक्यात भरली तर सिलिंडर तापतो, मीटर २०० दाखवतो आणि गार झाल्यावर दाब खाली येतो. मग पोरगं परत भरायला लागतं. हवेत ओल राहिली तर ती आत साचून सिलिंडर आतून खराब होतो. हातपंप वापरणाऱ्यांनी म्हणून त्याचा फिल्टर वेळेवर बदलावा.

आणि नागपूरचा मे महिना. २५ अंशाला २०० बारवर भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब २२७ बारच्या आसपास जातो. धड सिलिंडर एवढं सोसतो. मुदत उलटलेल्या किंवा कधीतरी फरशीवर आपटलेल्या सिलिंडरवर मात्र हा भरवसा ठेवू नये. रायफल डिकीत ठेवून दुपारभर सीताबर्डीत खरेदी करू नका. उन्हाळ्यात थोडी कमी हवा भरली तरी सरावाला काही फरक पडत नाही.

‘शिशाची भीती म्हणजे थोतांड.’

छर्र्यांच्या डबीत तळाशी राखाडी पूड असते. ती बोटांना लागते. त्याहून जास्त धूळ टार्गेटच्या पेटीपाशी होते, छर्रा आपटून चुरतो तिथे. ती कोरड्या झाडूने झाडली की हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. ओल्या फडक्याने पुसायची. छर्रा ओठांत धरून ठेवायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सॅनिटायझरने शिसं जात नाही. साबण आणि पाणी लागतं, तर्री पोह्याच्या गाडीवर जायच्या आधी. धाकटं भावंड सोबत आलं तर त्याला रेंजच्या फरशीवर खेळायला सोडू नका. लहान वयात शिशाचा परिणाम सगळ्यात वाईट होतो.

‘गच्ची १० मीटर असली की क्लबची फी वाचली.’

अर्धं बरोबर. घरी सराव जरूर करा, पण छर्र्याशिवाय: भिंतीवर टिंब, ड्राय फायर, उभं राहणं, श्वास, ट्रिगर. चांगले नेमबाज यात भरपूर वेळ घालतात. त्या वेळी छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सुरू करण्याआधी नळीतून दोरी आरपार काढून बघा. गच्चीवर छर्रे मारायचे तर चुकलेल्या छर्र्यामागे काय आहे ते बघा. उंच कोनात सुटलेला छर्रा दीडशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो. मनीषनगर-त्रिमूर्तीनगरच्या वस्तीत एवढ्या अंतरात किती गच्च्या, किती वाळत घातलेले कपडे आणि ते काढायला आलेली किती माणसं येतात, मोजा.

‘हे सगळं .२२ लाही लागू.’

नाही. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या वर, वेग सेकंदाला तीनशेपेक्षा जास्त मीटर, ऊर्जा छर्र्याच्या पंधरापट आणि वर, पल्ला दीड किलोमीटरपर्यंत. लायसन्स, कानाला संरक्षण, सगळं वेगळं. ट्रिगर दाबून गोळी सुटली नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही: नळी टार्गेटकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं.

‘दसऱ्याला मुलांच्या हाती रायफल देऊन फोटो काढा. रिकामीच तर असते.’

शस्त्रपूजनाला रायफल मांडायला कोणाची हरकत नाही. सिलिंडर काढून बाजूला, नळीत नारिंगी दोरी, नळी भिंतीकडे. फोटोतही दोरी दिसू द्या आणि नळी कॅमेऱ्याकडे नको, कारण कॅमेऱ्यामागे माणूस असतो. हळदकुंकू रायफलीला न लावता केसला लावा. कुंकवाची पूड ट्रिगरच्या यंत्रणेत गेली की ती साफ करायला पूर्ण ट्रिगर उघडावा लागतो, आणि ब्रीचमध्ये पडलेली एक अक्षता पुढच्या छर्र्याबरोबर नळीत दाबली जाते.