१९ चा आकडा आणि सेन्सरवरचा संशय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आयडी फॅनच्या (बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा पंखा) व्हायब्रेशनवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. व्हायब्रेशनची मर्यादा ७.१ मिमी प्रति सेकंदाची असताना १९ दिसलं की फॅन ताबडतोब बंद करायचा, पुन्हा रीडिंग घेत बसणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. दुसरं, असे लेख वाचून नव्या पोरांना ‘सेन्सरच खराब असेल’ म्हणत हात झटकायची सवय लागते. तिसरं, हल्लीचं सॉफ्टवेअर असले दोष आपोआप गाळतं, मग एवढा काथ्याकूट कशाला? शेवटी तुमच्या फीड पंपाचं (बॉयलरला पाणी देणारा) विचारलंय, तीन वेळा अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं) करूनही २एक्स, म्हणजे फिरण्याच्या वेगाच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवरचं व्हायब्रेशन, जात नाही, तेही खोटं रीडिंग समजायचं का? बॉयलर हाऊसमध्ये उभं आयुष्य घालवलेल्या माणसाचे हे प्रश्न आहेत, त्यामुळे चार ओळींत उरकत नाही.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी प्रसंग सांगतो. साखर कारखाना, बगॅसवरचा बॉयलर, गळीत हंगाम ऐन भरात. आयडी फॅनची मोटर ३५५ किलोवॅट, वेग ९९० आरपीएम, फाउंडेशन काँक्रीटचं. फॅनकडच्या बेअरिंगवर आडव्या दिशेला डेटा कलेक्टरने (रीडिंग घ्यायचं हातातलं यंत्र) १९ मिमी प्रति सेकंद दाखवलं. त्याच बेअरिंगची उभी आणि ॲक्सियल रीडिंग मात्र आधीसारखीच होती. रीडिंग घेणाऱ्या मुलाने शिफ्ट इंजिनिअरला बोलावलं, दोघांनी बेअरिंग हाउसिंगला हात लावून पाहिला, स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्हायब्रेशन ते दाखवणारा आलेख) उघडला, सेन्सरच्या मॅग्नेटखालची राख आणि सुटलेला रंग खरवडून काढला आणि त्याच जागी पुन्हा रीडिंग घेतलं. ३.४ आलं.

आता तुमचा पहिला मुद्दा. फॅन ९९० ने फिरतो, म्हणजे सेकंदाला १६.५ फेरे. पंख्यावर राख चढून बॅलन्स बिघडला असता तर १६.५ हर्ट्झवर एकच उंच काठी दिसली असती. स्पेक्ट्रममध्ये तिथे जेमतेम नेहमीएवढी काठी होती. सगळी उंची एक-दोन हर्ट्झपाशी, अगदी डाव्या कडेला, आणि तिथून उजवीकडे उतरत गेलेला घसरता उतार. आपल्या धंद्यात याला स्की स्लोप म्हणतात. जरा हिशेब करून बघा. १९ मिमी प्रति सेकंद आरएमएस जर खरोखर १ हर्ट्झवर असतं, तर ते बेअरिंग हाउसिंग दर सेकंदाला एकदा साडेआठ मिलिमीटर इकडून तिकडे गेलं असतं. बोल्टने आवळलेलं हाउसिंग! हे १९ सगळं १६.५ हर्ट्झवर असतं, तरी हालचाल अर्धा मिलिमीटर भरली असती. ती डोळ्यांना दिसते आणि तिथे हात ठेवणं नकोसं होतं. त्या दोघांच्या हाताला नेहमीचीच थरथर लागली. म्हणून पुन्हा रीडिंग घेणं हा तिथे वेळकाढूपणा नव्हता. आकडा एक सांगत होता आणि हाउसिंग दुसरं, आणि या भांडणाचा निकाल दोन मिनिटांत लागणार होता.

एवढा मोठा आकडा येतो कुठून, हे मूळ लेखात मी घाईत उरकलं होतं, इथे नीट सांगतो. आपला नेहमीचा एक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) १ जी ला, म्हणजे एका गुरुत्वत्वरणाला, १०० मिलिव्होल्ट देतो. वेग मिळवण्यासाठी कलेक्टर त्या सिग्नलचं इंटिग्रेशन करतो, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरच्या त्वरणाला २π गुणिले फ्रिक्वेन्सीने भागतो. फ्रिक्वेन्सी जितकी लहान, तितकं भागून येणारं उत्तर मोठं. फक्त १ मिलिव्होल्टची डळमळ, म्हणजे ०.०१ जी, १ हर्ट्झवर असेल तर उत्तर येतं १५.६ मिमी प्रति सेकंद. हाच मिलिव्होल्ट १६.५ हर्ट्झवर असता तर एकाच्याही खाली राहिला असता. राखेवर डुगडुगणारं मॅग्नेट, ओढली जाणारी केबल, गार सेन्सर गरम हाउसिंगवर लावताच सुरू केलेलं रीडिंग, यांतल्या कशानेही मिलिव्होल्टभर डळमळ सहज होते. गोल हाउसिंगवर सपाट मॅग्नेट लावला तर हमखास.

मर्यादेचंही तसंच. ७.१ हा आकडा आयएसओ १०८१६-३ चा, ३०० किलोवॅटच्या वरच्या मशीनसाठी, रिजिड फाउंडेशनवर. त्याची जागा २०२२ साली आयएसओ २०८१६-३ ने घेतली. पण ६०० आरपीएमच्या वर चालणाऱ्या मशीनला ही मर्यादा १० ते १००० हर्ट्झमध्ये मोजलेल्या व्हायब्रेशनसाठी आहे. १ हर्ट्झपासून बेरीज केलेला आकडा तिच्याशी ताडून बघायचाच नसतो.

एक गोष्ट मात्र तुमच्यासारखीच ठासून सांगतो. टर्बाइनवर ऑनलाइन प्रोटेक्शन असेल आणि ट्रिप (मशीन बंद करायचा आपोआप येणारा हुकूम) आला, तर मशीन थांबलंच पाहिजे, चर्चा नंतर. ‘खोटा ट्रिप असेल’ म्हणून बायपास मारणाऱ्याला कुणीही पाठीशी घालू नये. रूट कलेक्शनमध्ये, म्हणजे ठरलेल्या फेरीत, हातात आलेलं रीडिंग आणि प्रोटेक्शन ट्रिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हाताला, कानाला, तापमानाला आकड्यासारखंच काही लागत असेल, तर पुन्हा रीडिंग घ्यायला थांबायचं नाही, फॅन बंद.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हात झटकणारी माणसं मीही पाहिली आहेत. ‘सेन्सर खराब’ हेही एक निदानच आहे आणि ‘बेअरिंग खराब’ म्हणताना जेवढा पुरावा मागतो, तेवढाच इथेही मागायला हवा. सेन्सरचं बायस व्होल्टेज (चालू सेन्सरवर कायम असणारं स्थिर व्होल्टेज) बघा, साधारण १० ते १४ व्होल्ट हवं. शून्याजवळ असेल तर केबल कुठेतरी शॉर्ट आहे, सप्लायइतकं म्हणजे २४ च्या आसपास असेल तर कनेक्टर सुटलाय किंवा केबल तुटलीय. मग टाइम वेव्हफॉर्म (सिग्नल वेळेनुसार कसा बदलतो ती रेघ) उघडा. एका बाजूला वाहत जाऊन हळूहळू परत येणारी रेघ म्हणजे मशीनची हालचाल नव्हे. केबल बदला, जागा साफ करा, सेन्सर टेकल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, मग त्याच जागी पुन्हा. एवढं करून आकडा खाली आला तरच रीडिंग खोटं म्हणायचं. आणि आकडा खाली आला नाही तर?

तसं एका पाण्याच्या पंपावर झालं होतं. तिथेही स्की स्लोप होता. मॅग्नेट साफ, केबल नवी, बायस १२ व्होल्ट, सगळं जागच्या जागी, तरी उतार हटेना. वेव्हफॉर्म बघितला तर वरची टोकं कापल्यासारखी सपाट. सेन्सर धडधाकट होता, पण त्याला सोसवेल त्याच्या पलीकडचे ठोके पंपातून येत होते आणि तो सॅच्युरेट होत होता. १०० ऐवजी १० मिलिव्होल्ट प्रति जी चा सेन्सर लावला तेव्हा उतार गेला आणि वरच्या फ्रिक्वेन्सीत पसरलेला जाड उंचवटा उघडा पडला. कॅव्हिटेशन, म्हणजे पंपातल्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं. सक्शनचा स्ट्रेनर गाळाने गच्च भरलेला निघाला. इथे रीडिंग चुकीचं होतं आणि पंपही आजारी होता. विचित्र रीडिंग म्हणजे मशीन ठणठणीत, असा अर्थ कुणी काढला तर तो धोकाच.

सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवायची नाही ती याच पंपामुळे. १० हर्ट्झखालचं गाळणारा फिल्टर लावला असता तर उतार दिसला नसता, आकडा सभ्य आला असता आणि हा पंप रिपोर्टमध्ये हिरव्या रंगात गेला असता. सिग्नल एकदा कापला गेला की त्याचा स्पेक्ट्रम डावीकडेच नव्हे, सगळीकडेच बिघडतो. मागाहून फिल्टर लावून कापलेलं परत येत नाही.

आता तुमचा फीड पंप. मोटर २ पोलची, २९८० आरपीएम लिहिलंय तुम्ही. मग २एक्स येतो ९९.३३ हर्ट्झला. पण आपल्याकडे सप्लाय ५० हर्ट्झचा, आणि त्याच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झला मोटरमधल्या चुंबकीय ओढीचं व्हायब्रेशन असतं. दोघांत अंतर पाऊण हर्ट्झसुद्धा नाही. तुमचं सेटिंग १००० हर्ट्झपर्यंत ४०० लाइन्स (स्पेक्ट्रमचे तेवढे भाग) असल्याचं लिहिलंय, म्हणजे एक लाइन २.५ हर्ट्झची. दोन्ही काठ्या एकाच लाइनमध्ये कोंबल्या गेल्यात आणि कलेक्टर त्यांना २एक्स म्हणतोय. अलाइनमेंटने जायला ते मिसअलाइनमेंट असावं लागतं.

४०० हर्ट्झपर्यंत ३२०० लाइन्स लावून बघा. एका सॅम्पलला ८ सेकंद लागतील, पण दोन काठ्या सुट्या दिसतील. त्या दोन्ही बऱ्यापैकी उंच असतील तर मोटरजवळ उभं राहिल्यावर दर दीड सेकंदाला आवाज चढता-उतरता ऐकू येतो, तोही कान देऊन ऐका. मग संधी मिळेल तेव्हा मोटर बंद करताना स्पेक्ट्रम लाइव्ह ठेवा. स्विच पडताक्षणी १०० ची काठी नाहीशी झाली, तर दुखणं इलेक्ट्रिकल आहे. मोटरचा पाय नीट बसलाय का ते तपासा, एकेक फूट बोल्ट सैल करून डायलवर फरक बघा, मग एअर गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट). काठी वेगाबरोबर हळूहळू खाली सरकत गेली तर ती खरी २एक्स, आणि अलाइनमेंटचा रिपोर्ट पुन्हा काढावा लागेल, या वेळी मशीन गरम असतानाचा. दोन्ही प्लॉट प्रतिक्रियेत टाका, मी बघतो.