बिडाच्या होलात वेल्डिंग भरू नका

सांगली-मिरजेकडच्या ट्रॅक्टर आणि जेसीबीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "आटे गेले तर होल वेल्डिंगने भरा आणि नवा टॅप मारा. इन्सर्ट म्हणजे तारेची स्प्रिंग, जड मशिनला टिकत नाही. घाई असेल तर एक नंबर मोठा बोल्ट टाका. आणि १२.९ चा बोल्ट वापरा, आटे परत जाणार नाहीत." (आटे म्हणजे बोल्ट ज्यात फिरतो त्या चऱ्या, टॅप म्हणजे त्या पाडायचं हत्यार, इन्सर्ट म्हणजे खराब होलात बसवायचे तयार आटे, १२.९ म्हणजे खूप मजबूत बोल्टचा ग्रेड.)

आधी वेल्डिंगचं बोलतो, कारण खरं नुकसान तिथं होतं.

गिअरबॉक्सची, पंपाची बॉडी बहुतेक वेळा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बिडात कार्बन २ ते ४ टक्के. साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की लगतचं बीड झपाट्यानं थंड होतं आणि काचेसारखं कडक, ठिसूळ बनतं. गेल्या गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरची हाऊसिंग माझ्याकडे आली, एम १६ चं, म्हणजे १६ मिलिमीटर बोल्टचं होल असंच भरून आणलेलं. १४ चं ड्रिल लावलं तर बुरा निघेना, नुसतं किंचाळायचं. टोक निळं पडलं. रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू घासला. थोड्या वेळानं होलापासून कडेपर्यंत ओली रेघ उमटली. चीर! वेल्डिंगआधी त्या हाऊसिंगचे फक्त आटे गेले होते. निकेल रॉड वापरून, बॉडी आधी तापवून, मग चुन्यात हळूहळू थंड करून हे काम होतं, पण ते फुटलेल्या बॉडीसाठी ठेवावं. साध्या पोलादी प्लेटचं होल भरायला माझी हरकत नाही.

आता ती "स्प्रिंग", म्हणजे इन्सर्ट. ही कॉईल स्टेनलेसच्या कडक तारेची असते. एम १६ ला साडेसोळाचं ड्रिल मारून कॉईलचा खास टॅप फिरवतात. बॉडीतले नवे आटे साडेअठराच्या आसपास जातात. म्हणजे ओढ मोठ्या घेरावर पसरते. म्हणूनच बिडात आणि ॲल्युमिनियममध्ये नीट बसवलेली कॉईल मूळ आट्यांच्या तोडीची, पुष्कळदा वरचढ ठरते. विमानाच्या इंजिनांत अशा कॉईल कारखान्यातूनच बसवून येतात. ती उपटून येते तेव्हा होल तिरकं मारलेलं असतं, आत बुरा राहिलेला असतो, नाहीतर कॉईल आखूड घेतलेली असते. होल कॉईलच्या मापापलीकडे खाल्लं असेल तर आतून-बाहेरून आटे असलेला बुश लेथवर करून घ्या.

मोठा बोल्ट टाकायचा तर कव्हरचं होलही वाढवावं लागतं, आणि बॉडीची भिंत आधीच पातळ असेल तर ती तिथंच फुटते. भिंत जाड असेल तरच विचार करा.

१२.९ बद्दल सांगायचं तर बोल्ट कितीही कडक घ्या, आटे बॉडीचे जातात. बोल्टवरचा आकडा बघून त्याच्या टॉर्कला आवळलात, तर उलट लवकर जातील. बघायचं ते बोल्ट आत किती उतरतो ते. बिडात व्यासाच्या दीडपट धरा, एम १६ ला २४ मिलिमीटर. पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो, त्यामुळे तोंडाचे आटे खराब असतील तर खालच्यांवर विसंबू नका. आणि बंद होलात तेल साचू देऊ नका. बोल्ट घट्ट बसल्यासारखा लागतो, पण तो तेलावर टेकलेला असतो, आणि त्या दाबानं बॉडीला तडा जातो.