विहीणबाईंसाठी एक बाटली

ठाण्याच्या नौपाड्यात राहून वाईन विकत घ्यायची असेल, तर पहिली अट अशी की दुकान नौपाड्यातलं नको. गोखले रोडवर नुसती कोथिंबीर आणायला बाहेर पडलं तरी चार ओळखीचे भेटतात आणि चौघंही पिशवीत डोकावतात. वाईन माझ्यासाठी नव्हतीच हो. लेकीच्या सासूबाई जेवायला यायच्या होत्या आणि लेक फोनवर सहज म्हणाली, "आई, त्या जेवणाआधी थोडी वाईन घेतात. पन्हं करत बसू नकोस."

आमच्या ह्यांना पाठवावं, तर ते जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत आणि साठीनंतर चढायची त्यांची तयारी नव्हती. तरी सोबत आले. रस्त्यापलीकडच्या मेडिकलसमोर उभे राहिले आणि घ्यायचं नसलेल्या खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचू लागले.

स्टेशनकडचं ते दुकान म्हणजे लोखंडी जाळी आणि तिला हात जाईल एवढी खिडकी. समोर रांग नाही, नुसते हात. "दादा, एक क्वार्टर!" "बियर थंड आहे का?" मी पुढे सरकले तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. लेडीज डब्यातही मला इतक्या मानाने कुणी जागा दिलेली नाही. भिंतीवर पाटी होती: वाईन-बियरला २१ वर्षं पूर्ण हवीत, बाकीच्या मालाला २५. माझं वय कुणी विचारलं नाही.

"बोला मावशी."

"वाईन," मी देवळात बोलतात त्या आवाजात म्हणाले.

"पोर्ट देऊ? लेडीज लोक तीच नेतात. गोड असते."

"गोड नको."

तो जरा सावरून उभा राहिला. स्टुलावर चढून त्याने सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढली, फडक्याने पुसली, तेव्हा कुठे लेबल दिसलं. नाशिकची पांढरी वाईन, शेनिन ब्लाँ. ट्यूबलाइटला टेकून बिचारी कधीची उभी होती कोण जाणे. मी पाकीट उघडणार, एवढ्यात शेजारून खिडकीत गेलेल्या हातावरचं घड्याळ ओळखीचं वाटलं. वर पाहिलं, तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी! एरवी मेंटेनन्स दोन दिवस लांबला तर हा माणूस जिन्यात अडवतो. आता मात्र आम्ही दोघंही भिंतीवरचं दरपत्रक एकाग्रतेने वाचू लागलो. बाटली तिथेच ठेवून मी मेडिकल गाठलं.

मग रिक्षा करून घोडबंदर रोड. तिथलं दुकान एसी, काचेचं, हातात बास्केट घेऊन फिरायचं. इथे लाज वेगळ्या कारणाने वाटते. काळा टी-शर्ट घातलेला एक मुलगा मागे मागे येऊ लागला. "मॅम, ही सोविन्यों ब्लाँ घ्या. हिच्यात पेरू, हिरवी सिमला मिरची आणि ताज्या कापलेल्या गवताचा अरोमा आहे." एवढं सगळं जांभळी नाक्याच्या मंडईत निम्म्या पैशांत मिळतं, आणि गवत तर कोथिंबिरीच्या जुडीत फुकट.

"जेवणात काय आहे मॅम?"

"तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण, सोलकढी."

सोलकढीपाशी तो अडकला. "सोलकढीबरोबर काय जातं..."

"भात," मी सांगितलं आणि बाहेर पडले.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, पुढे सरकार बदललं आणि ते तसंच राहिलं. विरोधकांची कारणं त्यांच्यापाशी. माझं म्हणणं एवढंच की रवा आणि फिनेलच्या मधल्या फळीवर मिळाली असती, तर ट्रॉलीत टाकून वर मेथीची जुडी पसरता आली असती.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, सेक्रेटरी जेवून झोपतात त्या वेळेला, मी पुन्हा जाळीशी. त्याने मला पाहिलं आणि काही न विचारता फ्रीजमधून तीच बाटली काढली. "मावशी, घरी गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका. झाकण फिरवायचं, ओपनर लागत नाही. उघडली की दोन-तीन दिवसांत संपवा." काळ्या टी-शर्टवाल्याने पाऊण तासात यातलं एकही सांगितलं नव्हतं. मग वर्तमानपत्राचं पान, त्यावर रबरबँड. राशिभविष्य बाहेरच्या बाजूला आलं होतं: प्रवासात सावध राहा.

विहीणबाईंनी अर्धा ग्लास घेतला, "छान आहे हो" म्हणाल्या आणि सुरमईचे तीन तुकडे खाल्ले. उरलेली बाटली लेक-जावयाने संपवली.

आता रिकामी बाटली. सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावी तर कचरा न्यायला येणारी मावशी प्रत्येक घराचा डबा दारातच उपसते, आणि समोरच्यांचं दार तेव्हा नेमकं उघडं असतं. मी बाटली धुतली, लेबल भिजवून काढलं, तरी आकार लपेना. अखेर ह्यांनी या सगळ्या प्रकरणातली त्यांची पहिली सूचना केली: रात्री अकरानंतर बी विंगच्या डब्यात टाकून येऊ. सेक्रेटरी बी विंगमध्येच राहतात.