फी वर्षात वसूल? कागदावरच!

नर्सिंग असिस्टंटच्या सर्टिफिकेटची फी वर्षभरात वसूल होते, हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. माझ्या पुतणीने मिरजेत असाच कोर्स केला. फी 40,000, वर युनिफॉर्म, परीक्षा फी वेगळी. पहिला पगार 8,000. त्यातून तासगावचा एसटी पास, डबा. उरलं काय, कप्पाळ?

आणि मुख्य गोष्ट लेखात नाहीच. नर्स म्हणून काम करायला लागणारी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी एएनएम (सहायक नर्स-दाईचा कोर्स, 2 वर्षं), जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, 3 वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंगवर होते, असल्या सर्टिफिकेटवर नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, काम लगेच मिळतं, हे खरं. पण ते बेडपॅन, चादरी, पेशंटला एक्स-रेला नेणं. इंजेक्शनचा ट्रे हातात येतो, सुई नाही. कौन्सिलची नोंदणी मिळेल का, ते प्रवेशाआधी लेखी मागा. गोड बोलणारे तिथेच चाचरतात.