तिथी, भरती आणि खंड्या

पक्ष्यांचे फोटो काढायला काय लागतं, असं कोणी विचारलं की मी लेन्सचं नाव सांगत नाही. पंचांग लागतं, असं सांगतो. समोरच्याला वाटतं, हा गृहस्थ मुहूर्त बघून कॅमेरा पिशवीतून काढतो. तसंच आहे.

माझं ठिकाण म्हणजे गोव्यातलं चोडण बेट. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसायचं, मांडवी ओलांडायची, की उतरल्या उतरल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. 1988 साली जाहीर झालेलं, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं. सगळी खारफुटी. कागदावर इतकं सोपं दुसरं काही नाही. पण तिथली सत्ता वनखात्याकडे नसून चंद्राकडे आहे.

सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की चिखल उघडा पडतो, एक नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत बिळाबाहेर येतात, मासे चिखलावर उड्या मारतात आणि त्यांच्या मागोमाग तुतवार, कोरल, बगळे अशी सगळी पंगत बसते. फक्त तेव्हा आतल्या ओहोळांत होडी शिरत नाही. होडी शिरते ती भरतीला. आणि भरतीला चिखलच नसल्यामुळे हीच मंडळी कुठल्या तरी पानाआड पाठ करून झोपलेली असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा होडीवाल्याने हे एका वाक्यात सांगितलं, "सर, आत्ता पक्षी आहेत, पाणी नाही. पाणी आलं की मी नेतो, तेव्हा पक्षी नसतील." इतका प्रामाणिक धंदा मी दुसरा पाहिला नाही.

सुकतीला पायवाटेवरून, भरतीला होडीतून, अशी वाटणी मग मी करून टाकली. वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीचं पाऊणपट केलं की भरतीचा तास येतो. अष्टमी, तर आठाचं पाऊणपट सहा, सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला सुकती आणि उजाडता उजाडता बराचसा चिखल अजून उघडा. गोव्यात थोडं मागेपुढे होतं, पण पक्षीही काही घड्याळ लावून बसत नाहीत. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात सहाएक तास. म्हणजे या रविवारी सकाळी सातला भरती असेल, तर पुढच्या रविवारी सातला सुकती. दोन्ही रविवार कामाचे! हे कळलं तेव्हा मला भास्कराचार्यांचा वारसदार झाल्यासारखं वाटलं होतं.

मग नातेवाईक आठवले.

पाहुणे पक्षी आपल्याकडे असतात साधारण ऑक्टोबर ते मार्च. नेमका हाच आमच्या पेडण्याकडच्या जत्रांचा मोसम. शनिवारी रात्री देवळासमोर नाटक, तिसरा अंक संपेपर्यंत कोंबडा आरवतो. पौर्णिमेला कोणाकडे तरी सत्यनारायण असतोच, आणि प्रसाद न घेता धावत सुटलेल्या कलावतीचं काय झालं हे दरवर्षी ऐकलेलं असल्यामुळे टाळताही येत नाही. अमावास्येला नदी ओलांडू नये, असं आईचं म्हणणं. फेरीबोटीतून ओलांडली तरी? "बोट काय नदीवरून जात नाही?" यावर उत्तर नाही.

यातून सुटून यंदा एक अष्टमी मिळाली. रविवार, आभाळ स्वच्छ. बेळगावचा मेहुणा घरी आलेला होता, तोही निघाला. पोपटी टी-शर्ट घालून. खारफुटीत मिसळून जाईल म्हणाला. होडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "भावोजी, मगर कुठं असते?" कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे खरं, आणि होडीवाल्याचा तो आवडीचा विषय निघाला. दोघांचं मगरीवरून जे सुरू झालं, ते ऐकायला एकही पक्षी थांबला नाही.

एक थांबला. काळ्या टोपीचा खंड्या. पाण्यावर वाकलेल्या बोडक्या फांदीवर, उजेडाच्या बाजूला. पाठीचा निळा असा की शाईची दौत सांडावी, गळ्याभोवती पांढरा पट्टा, चोच लालभडक. मी श्वास रोखून शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागावर नेलं. ट्रायपॉड घरीच होता. होडीत तो लावला की होडीबरोबर तोही डोलतो. खंड्याने मान वाकडी केली, पाण्यात बघितलं. आता झेप घेणार, अशी त्याची शेपूट खालीवर झाली. मी बटण दाबलं आणि कॅमेरा एका दमात फोटो ओढत सुटला.

त्याच क्षणी मेहुण्याने मदत केली. "भावोजी, तो बघा! तो बघा!" म्हणत हात लांब करून त्याने मला खंड्या दाखवला.

माझी लेन्स अडीच मीटरच्या अलीकडचं काही स्पष्ट दाखवत नाही. त्यामुळे त्या सगळ्या फोटोंत निळं पाणी आहे, हिरवी पानं आहेत आणि मधोमध एक तपकिरी, गुबगुबीत ढग. शेवटच्या फोटोत ढग किंचित खाली सरकलाय आणि वर बोडकी फांदी दिसते. त्यावर कोणी नाही. मेहुण्याला दाखवला, तर म्हणाला, "कलात्मक आलाय." बोट स्वतःचं आहे हे त्याला अजून ओळखता आलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. बायकोचा भाऊ आहे.

एरवी फोटो देते ती फक्त ढोकरी, म्हणजे तो मातकट रंगाचा छोटा बगळा. दर बांधावर, दर खांबावर, दर नळाच्या पाइपवर एक. पाच फुटांवर जा, हलणार नाही; मान आत ओढून, पेन्शनीत निघालेल्या कारकुनासारखी बसून राहील. माझ्या हार्ड डिस्कमधली निम्मी जागा तिच्या नावावर चढवायला हरकत नाही.

या मोसमात आता एकच तारीख हाताशी आहे. शुद्ध दशमी, रविवार. दहाचं पाऊणपट साडेसात. भरतीही आणि उजेडही. त्याच दिवशी बेळगावला मेहुण्याच्या मुलाची मुंज आहे आणि मुहूर्तही साडेसातचाच. मी बाहेर गॅलरीत जाऊन गुरुजींना फोन लावला. दहाच्या पुढचा एखादा निघतो का, म्हटलं.

"निघेल की," गुरुजी म्हणाले. "पण तुमचा फोन येईल असं ताईंनी कालच सांगून ठेवलंय."