धाकटा आला म्हणून थोरलीची सीट फिरवायची नसते

परवा रात्री धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "ताई, उद्या थोरलीची सीट सरळ करून घेतेय. आता ती मोठी झाली. उलटी सीट बाळाला लागेल." कार सीटचं बोलत होती. उलटी सीट म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. थोरली एकोणीस महिन्यांची. बाळ पाच आठवड्यांचं. हे तुला कोणी सांगितलं, असं विचारलं तर तिने तो फॉरवर्डच पाठवला. आयांच्या ग्रुपांवर सध्या तो जोरात फिरतोय: 'पाठोपाठची दोन मुलं? कार सीटचे सात सोपे नियम'. खाली अर्थातच 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोहोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्ष झालं की सीट पुढच्या तोंडाची करा, नाहीतर पाय मोडतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनीच दोन वर्षांचा नियम २०१८ साली काढून टाकला. दोघांना एकाच मॉडेलच्या सीट घ्या आणि दोन्ही सारख्याच लावा. आयसोफिक्स (सीट गाडीत अडकवायच्या कड्या) आणि सीटबेल्ट दोन्ही वापरा, सुरक्षा दुप्पट. जवळच जायचं असेल तर धाकट्याला मांडीवर घेऊन एकच बेल्ट दोघांभोवती लावा. तिसऱ्या वर्षी थोरलीला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. आणि जुनी सीट कुणाचीही चालते.

आधी मांडीचं बोलते, कारण या एका ओळीने जीव जाऊ शकतो.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबते तेव्हा आतल्या माणसाला बसणारा झटका साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. त्या क्षणी अंगावर वजनाच्या वीसपट जोर येऊ शकतो. पाच किलोचं बाळ असेल तर हातात शंभर किलो आल्यासारखं. कुठल्या आईच्या हातात ते राहील? माया कितीही असली तरी हात तेवढेच. बेल्ट दोघांभोवती लावला तर आणखी भयंकर. बाळ पुढे, आई मागे आणि बेल्ट बाळाच्या पोटावर. आईचं सगळं वजन बाळाला त्याच बेल्टवर चिरडतं. ज्याने हा 'नियम' लिहिला त्याने ही एवढी साधी गोष्ट डोळ्यांपुढे आणून बघितली नाही, याचा मला खरोखर संताप येतो. आणि 'जवळच जायचंय' हे काय कारण झालं? अपघात किती किलोमीटर झाले ते मोजून होत नाही.

आता बहिणीला ज्याने फसवलं तो मुद्दा. वर्ष झालं की सीट फिरवा.

लहान बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा भाग. हे जड डोकं ज्या मानेवर उभं असतं तिचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. प्रत्येक मणका हाडाच्या तुकड्यांचा, मध्ये कूर्चा, आणि ते तुकडे पूर्ण जुळायला काही वर्षं जातात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात, पण डोकं धरायला काही नसतं. ते पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट बसलेल्या मुलाचं डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात, जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. ही कल्पना आजची नाही. स्वीडनचे संशोधक बर्टिल आल्डमन यांना ती १९६०च्या दशकात सुचली. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर ज्या पद्धतीने पाठ टेकून उड्डाणाचा जोर अंगावर घेत, ते पाहून त्यांनी मुलांची सीट उलटी केली. त्या देशात आजही मुलं चौथ्या वर्षापर्यंत उलटी बसतात आणि त्यांचे पाय काही मोडत नाहीत.

पायांची भीती मला समजते. गुडघे दुमडलेले दिसले की वाटतंच, अवघडली असेल. पण मुलं मांडी घालतात, पाय सीटच्या पाठीवर टेकवतात, एक वर एक खाली ठेवतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट सरळ बसलेल्या मुलाचे पाय धडकेत पुढे फेकले जाऊन समोरच्या सीटवर आपटतात. आणि पाय मोडलाच असं धरलं तरी त्याला प्लास्टर आहे. मज्जारज्जूला नाही.

आता २०१८ची गोष्ट, ज्यामुळे हा फॉरवर्ड खरा वाटतो. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्या वर्षी आपल्या शिफारशीतून 'किमान दोन वर्षांपर्यंत' हे शब्द काढले, हे खरं आहे. पण त्यांच्या जागी काय घातलं? त्या सीटची उलटं बसण्याची वजनाची किंवा उंचीची मर्यादा येईपर्यंत, म्हणजे शक्य तितके दिवस, मूल उलटंच बसवा. दोन वर्षांची रेघ पुसली ती पुढे सरकवण्यासाठी. फॉरवर्डवाल्याने वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा गिळला.

एक गोष्ट मात्र मान्य करते, मनाविरुद्ध. उलटं बसलेलं मूल '७५ टक्के' अधिक सुरक्षित, असा एक आकडा बरीच वर्षं सगळीकडे सांगितला जायचा. तो २००७च्या एका अभ्यासातून आला होता. त्या अभ्यासातल्या आकडेमोडीत चुका निघाल्या आणि नियतकालिकाने तो मागे घेतला. पुन्हा मोजणी झाली तेव्हा उलट्या सीटमध्ये इजा कमीच दिसल्या, पण दोन वर्षांखालच्या मुलांच्या इजा मुळातच इतक्या थोड्या होत्या की ठाम टक्केवारी काढता येईना. तो ७५चा आकडा मीही बहिणीला सांगितला होता. आता सांगत नाही. पण मानेची हाडं काही त्या आकड्यावर अवलंबून नाहीत, आणि बालरोगतज्ज्ञांनी ती दुरुस्ती समोर असतानाच 'शक्य तितके दिवस उलटं' म्हटलंय.

कुणी म्हणेल, संयुक्त राष्ट्रांच्या कार सीटसाठीच्या आर-१२९ नियमात तर उलटं बसवायला पंधरा महिनेच आहेत. आहेत, पण त्याआधी सीट फिरवायची नाही एवढंच तो नियम सांगतो. पंधरा महिने झाले की फिरवलीच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीकडे गेले. तिने आदल्या रात्रीच बाळाला थोरलीच्या सीटमध्ये बसवून पाहिलं होतं आणि 'नीट बसतोय' म्हणून खूश होती. मी म्हटलं, बसव पुन्हा. सीट थोरलीसाठी जरा उभी केलेली होती. बाळाला ठेवलं, पट्टे लावले, आणि अर्ध्या मिनिटात त्याचं डोकं हळूहळू पुढे आलं, हनुवटी छातीला टेकली. रडला नाही, काही नाही. शांत. तेच घाबरवणारं असतं, कारण एवढ्याशा बाळाची श्वासाची वाट अशी दुमडली तर ते ओरडून सांगत नाही. शिवाय पट्टे थोरलीच्या खांद्यांच्या उंचीवर, म्हणजे बाळाच्या कानांपाशी. उलट्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवा. 'दोन्ही सीट सारख्याच लावा' या सल्ल्याचा अर्थ प्रत्यक्षात हा होतो.

एकच मॉडेल दोनदा घ्यायला माझी हरकत नाही. जन्मापासून चालणारी सीट असेल तर सोयीचंच आहे, एक मॅन्युअल वाचलं की दोन्ही कळतात. पण लावायची प्रत्येकाच्या मापाने. बाळाची सीट जास्त कललेली, आतली उशी घातलेली, पट्टे सगळ्यात खाली. थोरलीची मॅन्युअल परवानगी देईल तितकी उभी, पट्टे वर. उभी केली की पुढच्या माणसाच्या गुडघ्यांना जागाही मिळते. दोन उलट्या सीट शेजारी शेजारी म्हटलं की 'मावणार कशा' हा प्रश्न येतोच आणि तो खराच आहे. बहिणीच्या गाडीत तासभर खटपट केली. बाळाची सीट चालकाच्या मागे मावेना. तीच दुसऱ्या बाजूला लावून पुढची सीट थोडी सरकवली, तेव्हा जमलं. शक्य असेल तर घेण्याआधी सीट आपल्याच गाडीत लावून बघा.

जागा होत नाही म्हणून एक सीट पुढे लावायचा सल्लाही त्या मेसेजखाली कुणीतरी जोडला होता. एअरबॅग चालू असलेल्या जागेवर उलटी सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग फुटते ती थेट सीटच्या पाठीवर, जिथे बाळाचं डोकं टेकलेलं असतं.

आयसोफिक्स आणि बेल्ट एकदम? बहुतेक सीटच्या मॅन्युअलमध्ये दोन्हींपैकी एकच लिहिलेलं असतं, कारण सीटची चाचणी त्याच पद्धतीने झालेली असते. मॅन्युअल 'दोन्ही' म्हणत नसेल तर एकच वापरा, आणि घट्ट लावा. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवलं तर सीट अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये.

तिसऱ्या वर्षी बूस्टर हे तर पुन्हा धाकट्यासाठी थोरलीला हाकलणंच. बूस्टरमध्ये मुलाला गाडीचाच बेल्ट धरून ठेवतो. तो कमरेच्या हाडावर आणि खांद्याच्या मधोमध राहायला हवा, आणि त्यासाठी मुलाने सगळा प्रवास नीट बसायला हवं. तीन वर्षांचं मूल झोपलं की कलंडतं, बेल्ट पोटावर चढतो. हार्नेस, म्हणजे सीटचे स्वतःचे पट्टे, पुरतोय तोवर हार्नेसच.

जुनी सीट चालते, पण 'कुणाचीही' नाही. तिला अपघात झालाय का, तिची मुदत संपलीय का, सगळे भाग आणि लेबल शाबूत आहेत का, हे माहीत असेल तरच. थोरलीची धाकट्याला द्यायला हरकत नाही, कारण तिचा इतिहास आपल्याला माहीत असतो. फक्त थोरलीची गरज संपल्यावर द्यायची.

शेवटी थोरलीला तिच्या सीटमध्ये बसवून मापलं. डोक्याच्या वर सीटच्या कडेपर्यंत माझी चार बोटं आरामात बसली. वजन साडेदहा किलो, सीटची उलटं बसण्याची मर्यादा अठरा. पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरून पाहिला, चिमटीत आला, म्हणजे सैल होता. जाड जाकीट काढलं आणि घट्ट केला. ती मांडी घालून बसली आणि मागच्या काचेतून दिसणाऱ्या गाड्या मोजायला लागली, तिच्या पद्धतीने, म्हणजे सगळ्याच 'दोन'. बाळासाठी वेगळी सीट त्याच दिवशी आणली. महिन्याभराने पुन्हा मापायचं ठरलंय, दोघांचं, वेगवेगळं.