क्रेडिट जमा आहेत, पण वटतील का?

गेल्या वर्षी जूनमध्ये धाकट्या बहिणीचा सोलापूरहून फोन आला. "ताई, हिला पुण्याला जायचंय. बी.एस्सी.चं एफ.वाय. झालं, आता एस.वाय. तिकडून करते म्हणते. फी, राहणं, खाणं सगळं धरून किती लागेल ते जरा बसवून दे ना."

मी बँकेत आहे, त्यामुळे आमच्या घरातला कुठलाही हिशेब शेवटी माझ्याकडेच येतो. भाचीचं कारणही पोरकट नव्हतं. तिला सूक्ष्मजीवशास्त्र मुख्य विषय घ्यायचाय आणि तिच्या कॉलेजात पुरेशी मुलं नसल्यामुळे तो तिसऱ्या वर्षाला चालतच नाही. विषय बदलून तिथेच राहणं हाही तोटाच होता, फक्त तो रुपयांत मांडता येत नव्हता.

कालनिर्णयच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला. पुण्यात कॉट बेसिसवर 5,500, मेस 3,500, बस, मोबाइल, झेरॉक्स, औषधपाणी मिळून 2,000. महिन्याचे 11,000, दहा महिन्यांचे 1,10,000. कॉलेजची फी 38,000. म्हणजे वर्षाला 1,48,000 आणि दोन वर्षांचे 2,96,000. सोलापुरात घरी राहून फी 9,000, पुस्तकं-प्रवास 11,000, दोन वर्षांचे 40,000. फरक 2,56,000.

बहीण म्हणाली, "भिशीचे येतील, थोडे ह्यांच्या पीएफमधून काढू. होईल ताई."

मग मी खाली आणखी एक ओळ लिहिली. जुन्या कॉलेजातले विषय नव्या कॉलेजाने धरले नाहीत आणि वर्ष वाया गेलं तर? पुण्यातलं जादा वर्ष 1,48,000. शिवाय त्याच वर्षात ती 18,000 पगारावर जरी लागली असती, तरी 2,16,000. बेरीज 3,64,000. दोन वर्षं पुण्यात शिकण्याचा जो काही जादा खर्च, त्याहून वाया गेलेल्या एका वर्षाची किंमत लाखाने जास्त निघाली. फोनवर बहीण बराच वेळ गप्प होती.

मला ही ओळ सुचली कारण ते वर्ष मी स्वतः घालवलंय.

1996 साली लातूरला माझं एफ.वाय.बी.कॉम. झालं आणि बाबांची नाशिकला बदली झाली. जिल्हा बदलला तसं विद्यापीठही बदललं. नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो. बाबांच्या हातात मार्कशीट, टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेटचं खाकी पाकीट. बाबांनी विचारलं, "लातूरचे विषय इथे चालतील ना?" आतून उत्तर आलं, "तुम्ही फी भरा, एलिजिबिलिटीचं होऊन जाईल." बाबांनी फी भरली. जुलै ते जानेवारी मी रोज एस.वाय.च्या वर्गात बसले, नोट्स काढल्या, चाचणीत चांगले मार्क मिळवले. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा नोटीस बोर्डावर टाइप केलेला कागद लागला. त्यात चौथं नाव माझं. एफ.वाय.चे दोन पेपर समकक्ष धरता येत नाहीत, ते आधी द्या, मग एस.वाय.

बाबा पुन्हा त्याच खिडकीपाशी गेले. खिडकीत माणूस दुसरा होता. "होऊन जाईल" असं कोण म्हणालं होतं ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं आणि आमच्याकडे लेखी काहीच नव्हतं.

एस.वाय.ची फी दुसऱ्यांदा भरली तेव्हा ती फार मोठी रक्कम नव्हती, म्हणून घरात सगळे म्हणाले, चालायचंच, एक वर्षाने काय होतंय. 1998 मध्ये बीएसआरबीची, म्हणजे सरकारी बँकांसाठी माणसं निवडणाऱ्या भरती मंडळाची, जाहिरात आली. लातूरच्या माझ्या मैत्रिणींनी अर्ज केले, दोघी लागल्या. माझ्या हातात पदवी नव्हती. पदवी मिळाल्यावर पुढच्या भरतीची वाट बघत राहिले आणि 2001 मध्ये ती भरती मंडळंच बंद झाली. मी पुढे सहकारी बँकेत लागले, माझं चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण त्या मैत्रिणींच्या आणि माझ्या पगारात, पेन्शनमध्ये जो फरक आहे तो मी दर महिन्याला बघते. त्याचं मूळ त्या खिडकीपाशी आहे.

आता सगळं बदललं असं लोक म्हणतात, आणि बरंच बदललंही आहे. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. पेपर पास झाला की त्याच्या वजनाप्रमाणे जी एककं मिळतात ते क्रेडिट. मुलाने योजनेतल्या कुठल्याही संस्थेत शिकून मिळवलेले क्रेडिट त्याच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. कल्पना फार चांगली आहे. माझ्या वेळी हे असतं तर निदान कुठल्या विषयाचं काय झालं हे स्क्रीनवर तरी दिसलं असतं.

पण बँक हा शब्द ऐकून पालकांची एक समजूत होते, आणि मी बँकेत काम करते म्हणून ती दुरुस्त करावीशी वाटते. खात्यात क्रेडिट जमा असणं म्हणजे हातात चेक असणं. तो समोरच्या काउंटरवर वटला पाहिजे. तुमचा कुठला पेपर आमच्या कुठल्या पेपरच्या जागी धरायचा, हे नवीन कॉलेज आणि विद्यापीठ अभ्यासक्रम समोर ठेवून ठरवतं. आणि त्यासाठी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून कुणीतरी बसावं लागतं.

भाचीचे वर्षाचे 44 क्रेडिट झाले होते, एका सत्राला 22 प्रमाणे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आम्ही पुणं गाठलं. मी नाशिकहून आदल्या दिवशी सोलापूरला आले होते. पहिल्या कॉलेजात सांगितलं, "सगळे धरले जातील, प्रवेश घेऊन टाका, जागा दोनच राहिल्यात." मी म्हटलं, एवढं लिहून द्या. ते म्हणाले, असं लेखी देत नाही. आम्ही उठलो. बहिणीला वाईट वाटलं, बाहेर येऊन म्हणाली, "ताई, तू उगीच ताणलंस, जागा गेली बघ." मला अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती खिडकी दिसत होती. बहिणीला ती कशी दाखवणार?

दुसऱ्या कॉलेजात विभागप्रमुख मॅडम तासभर आमच्याबरोबर बसल्या. तासभर! भाचीने प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम प्रिंट काढून नेला होता. मॅडमनी पेन्सिलने एकेक घटक जुळवला आणि हिशेब निघाला 34 चा. दहा क्रेडिट जुळत नव्हते, मुख्य विषयाचा 4 क्रेडिटचा एक पेपर आणि 2-2 चे तीन.

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली, आणि ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहितेय. किती क्रेडिट गेले हा निम्मा प्रश्न. गेलेला पेपर नवीन कॉलेजात कधी शिकवला जातो, हा उरलेला निम्मा. तो 4 क्रेडिटचा पेपर तिथे फक्त पहिल्या सत्रात, जूनपासून असतो, आणि त्याचे तास एस.वाय.च्या प्रॅक्टिकलच्याच वेळेला. नोव्हेंबरपर्यंत तो झाला नाही तर पुन्हा पुढच्या जूनमध्येच. चार क्रेडिटसाठी वर्ष जातं ते असं. 10 क्रेडिट गेलेल्या एखाद्या मुलाचं वर्ष वाचेल आणि 4 गेलेल्याचं बुडेल, वेळापत्रक कसं बसतं त्यावर.

मॅडमनी मार्ग काढला. तो पेपर स्वतः अभ्यास करून द्यायचा, अंतर्गत मूल्यमापन मॅडम शनिवारी घेणार. 2 क्रेडिटचे दोन पेपर स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या आठ-आठ आठवड्यांच्या कोर्सने भरून काढायचे. उरलेला एक चौथ्या सत्रात नेहमीच्या तासांबरोबर बसत होता. हे सगळं आम्ही लेटरहेडवर मागितलं. सही-शिक्क्याचं पत्र यायला अकरा दिवस लागले. ते येईपर्यंत फी भरली नाही आणि सोलापूरच्या कॉलेजातून टीसी काढली नाही. टीसी एकदा काढली की मागची जागा गेली, आणि पुढची लागेलच याची खात्री नसते. मधल्या मध्ये लटकलेली मुलं मी पाहिली आहेत.

तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलू म्हणणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. अकॅडेमिक बँकेच्या 2021 च्या नियमांत आहे की ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथून निदान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांचे 132 धरले तर 66. दोन वर्षं करून निघालात की मागे 88 झालेले असतात आणि पुढे उरतात 44. साधी वजाबाकी आहे, पण ती फी भरण्याआधी करायची असते. बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदला.

शिष्यवृत्तीचंही बघा. आमच्या सोसायटीतला एक मुलगा इंजिनिअरिंगला होता. शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत त्याच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळत होती, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत म्हणून. तो मध्येच खासगी विद्यापीठात गेला. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्या योजनेत नाहीत. नव्या ठिकाणची फी त्याच्या वडिलांनी नीट विचारली होती, जुन्या ठिकाणी मिळणारे पैसे बंद होतील हे कुणी सांगितलं नाही. वडील रिक्षा चालवतात. आता दुसरी शिफ्ट मारतात.

माझं मागणं एकच आहे आणि ते अवघड नाही. बदलून येणाऱ्या मुलाकडून फीचा एक रुपया घेण्याआधी कॉलेजने लेखी द्यावं: तुझे एवढे क्रेडिट धरले, एवढे राहिले, राहिलेले अमुक सत्रात होतील, आणि पदवी अमुक वर्षी. चार ओळींचं पत्र आहे. फी परत करण्याच्या बाबतीत यूजीसीने हात घातलाच ना? 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून, असं स्पष्ट लिहिलं होतं. तसंच हे समकक्षतेचं पत्रही सक्तीचं करावं. क्रेडिट जुळत नाहीत हे पोराला फॉर्म भरायच्या वेळी, म्हणजे पैसे परत मिळायची मुदत टळून गेल्यावर कळणं, हा अन्याय आहे. 1997 मध्ये होता आणि आजही आहे.

भाचीचा तो पेपर नोव्हेंबरमध्ये सुटला. स्वयम्चे दोन्ही कोर्स झाले, 2 क्रेडिटचा शेवटचा पेपर आत्ता मेमध्ये दिलाय. निकाल यायचाय.

ज्यांच्या घरात कुणी मधूनच कॉलेज किंवा विद्यापीठ बदललंय त्यांनी जरूर लिहा. कॉलेजचं नाव नको. किती क्रेडिट होते, किती धरले आणि ते तुम्हाला फी भरण्याआधी कळलं की नंतर, एवढंच.